आधी सभा, मग घर
(सहकारी गृहसंस्थांच्या सर्वसाधारण सभांचा पूर्वेतिहास व आपले कर्तव्य)

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, अशी आपल्या वाडवडिलांची म्हण आहे. या दोन्ही कार्यांत माणसाची खरी कसोटी लागते, हा तिचा आशय. आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांनी गेल्या दोन पिढ्यांत घरे केली. पण ती बहुधा बांधून नव्हे, विकत घेऊन केली. मोरिवली, अंबरनाथ, बदलापूर व उल्हासनगर या टापूत राहणारी आपली बहुतेक सभासद-कुटुंबे आज कोणत्या ना कोणत्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची भागधारक आहेत. किल्ली हाती आली, दारावर नावाची पाटी लागली, आणि आपण घराचे धनी झालो अशी आपली समजूत झाली. परंतु त्या घराचा पाया, जिना, गच्ची, पाण्याची टाकी आणि भिंतीतून गेलेले नळ हे काही एकट्याचे नसतात. त्या सामाईक मालमत्तेचा कारभार ज्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा, तिच्याकडे मात्र आपण पाठ फिरवितो.

हे दृश्य वाचकांच्या परिचयाचे आहे. जिन्याखालच्या फलकावर सूचनेचा कागद लागतो. रविवारी सकाळी दहाची वेळ दिलेली असते. वाहने बाजूस सारून पंचवीस खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांवर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, दोन-तीन सेवानिवृत्त गृहस्थ आणि ज्यांच्या छतातून पाणी गळते असे एक त्रस्त सभासद, एवढीच मंडळी दिसते. साडेदहा वाजतात. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा त्याच जागी, त्याच माणसांनिशी पुन्हा सुरू होते आणि चहा निवण्याच्या आत आभारप्रदर्शनही उरकते. मग त्या सभेत मंजूर झालेल्या खर्चाविषयी जिन्यात वर्षभर कुरकुर चालते, आणि ती करण्यात जे सभेस आले नाहीत तेच आघाडीवर असतात.

या अनास्थेबद्दल लोकांस दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. आम्हांस मात्र हा प्रश्न इतिहासाचा वाटतो. सहकारी घरांची चळवळ आपल्या प्रांतात सुरू झाली तेव्हा सभा ही घराच्या आधी होती. पुढे घर आधी आणि सभा नंतर असा क्रम झाला. सभा ओस पडण्याचे मूळ या उलटलेल्या क्रमात आहे, असे आमचे नम्र मत आहे. ते मांडण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

हाजीर मजालस

चारचौघांत बसून निर्णय करण्याची रीत आपणांस इंग्रजांनी शिकविली, असा एक समज आहे; तो सर्वस्वी खरा नव्हे. मराठ्यांच्या अमदानीत वतनाचा अथवा हद्दीचा तंटा उपस्थित झाला म्हणजे गोतसभा भरत असे. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, मिरासदार आणि बलुतेदार एकत्र बसत, वादी-प्रतिवादींचे म्हणणे व साक्षी ऐकत, आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहिला जाई. महजरात उपस्थितांच्या नावांची यादी ‘हाजीर मजालस’ म्हणून नोंदलेली असे. ज्यांस लिहिता येत नसे ते आपल्या धंद्याची निशाणी करीत; पाटलाच्या नावापुढील नांगराची निशाणी जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासकांस चांगली ठाऊक आहे.

यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. निवाड्याचे बळ निवाडा देणाऱ्याच्या अधिकारात जितके होते, तितकेच ते हजर असलेल्यांच्या नावांत होते. एका पिढीनंतर तोच तंटा पुन्हा उकरला गेला तर महजर काढून दाखवीत, आणि ज्यांच्या बापजाद्यांची निशाणी त्यावर आहे त्यांस तो नाकारणे जड जाई. हजेरी म्हणजे जबाबदारीचा स्वीकार, हा तिचा अर्थ होता.

तथापि या सभांचे आंधळे गुणगान करण्याचे कारण नाही. तेथे प्रत्येकाच्या शब्दास सारखे वजन नव्हते. जन्माने व वतनाने माणसाची बैठक ठरत असे. एका माणसास एक मत हे तत्त्व सहकाराने आणले. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल गावी २८ जणांनी वर्गणी गोळा करून एक दुकान थाटले आणि भाग कितीही असोत, मत एकच, हा दंडक घालून घेतला. जगभरच्या सहकारी संस्थांनी तो पुढे स्वीकारला. आज आपल्या गृहसंस्थेत मोठ्या गाळ्याच्या धन्यास एक मत आणि एका खोलीच्या धन्यासही एकच मत, ही व्यवस्था त्या परंपरेतील आहे. गोतसभेची जबाबदारी आणि रॉचडेलची समता या दोहोंचा संगम व्हावा, हीच आपल्या सर्वसाधारण सभेकडून अपेक्षा.

गावदेवीचा पाया

हिंदुस्थानात सहकाराचा पहिला कायदा १९०४ साली झाला; परंतु तो केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने ही मर्यादा काढून टाकली आणि घरबांधणीसारख्या इतर कामांसाठीही संस्था काढण्यास वाट मोकळी झाली. मुंबईस त्याची निकड होती. १८९६ साली शहरात प्लेग शिरला तेव्हा दाटीवाटीच्या चाळींचे भीषण रूप सर्वांच्या नजरेस आले. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. या ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, गावदेवीसारख्या भागांत नवी आखणी केली. पण मोकळ्या झालेल्या जागेवर कारकून आणि मास्तर यांस परवडेल असे घर कोण बांधणार, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्याचे एक उत्तर कारवार आणि मंगळूरकडून नोकरीनिमित्त मुंबईस आलेल्या चित्रापूर सारस्वत समाजाने दिले. या कार्याचे धुरीण रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी हे होत. श्यामराव विठ्ठल कैकिणी यांच्या स्मरणार्थ त्यांनी १९०६ साली सहकारी पतपेढी काढली. तीच पुढे श्यामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. १९११ साली कॅनरा सारस्वत असोसिएशन ही ज्ञातिसंस्था स्थापन झाली. आणि १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीची नोंदणी झाली. बंगळूरास घरबांधणीसाठी सहकारी संस्था १९०९ सालीच निघाली होती, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु संस्थेनेच इमारती उभाराव्या आणि सभासदांनी त्यांत राहावे, या पद्धतीची आशियातील पहिली संस्था म्हणून गावदेवीचे नाव घेतले जाते. ताडदेवची तालमकीवाडी आजही या कर्त्या पुरुषाचे नाव सांगत उभी आहे.

या संस्थेची घडण कशी होती, ते आजच्या गाळेधारकांनी समजून घेण्यासारखे आहे. इंग्लंडात ईलिंग येथे १९०१ पासून जी भाडेकरू-सहभागीदारीची पद्धत रूढ होत होती, तिचा हा अवतार होता. जमीन व इमारत यांची मालक संस्था. सभासद संस्थेचे भाग घेई आणि संस्थेच्याच गाळ्यात भाडेकरू म्हणून राही. त्याने दिलेल्या भाड्यातून कर्जाचा हप्ता, पालिकेचा कर, दुरुस्ती आणि राखीव निधी यांची तरतूद होई. भाडे कमी ठेवावे तर भाडेकरू म्हणून लाभ. पण मग कर्ज फिटावयाचे नाही आणि मालक म्हणून तोटा. हा तोल प्रत्येकास आपल्याच मनात तोलावा लागे, आणि तो तोलण्याचे स्थान सभेवाचून दुसरे नव्हते.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, संस्था नोंदली गेली तेव्हा घर अस्तित्वात नव्हते. जागा कोठे घ्यावी, गाळे किती खोल्यांचे असावेत, कोणास किती भाडे झेपेल, कर्ज किती काढावे, हे सारे आधी ठरावयाचे आणि मग वीट रचावयाची, हा या पद्धतीचा स्वाभाविक क्रम होय. जो सभासद या वाटेने घरापर्यंत पोहोचतो, त्यास पुढे ‘सभेस यावे’ असे निराळे सांगावे लागत नाही. सभा हे त्याच्या घराचे पहिले दालन असते.

आप्तभावाने सभा भरते काय?

येथे कोणी म्हणेल की, ते सर्व एका ज्ञातीचे, एका मठाचे, एका बोलीचे लोक. त्यांस एकत्र येणे सोपे होते. हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परस्पर विश्वास हे कर्ज काढणाऱ्या संस्थेचे पहिले भांडवल असते, आणि तो विश्वास ज्ञातीने पुरविला, हे निःसंशय. पुढेही समाजवार गृहसंस्था निघत राहिल्या. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा तिचा पोटनियम वैध ठरविला. अशा नियमाने शहराची मने जुळतात की दुभंगतात, हा वाद त्या निकालानंतरही चालूच राहिला.

पण आपल्या वाचकांपुढील प्रश्न निराळा आहे. मोरिवलीच्या आसपासच्या कोणत्याही इमारतीच्या प्रवेशद्वारापाशी उभे राहून नावांची यादी वाचावी. तेथे कोकणातील कुटुंब, खानदेशातील कुटुंब, फाळणीनंतर कल्याण कँपात आलेल्या आणि १९४९ पासून ज्याचे उल्हासनगर झाले त्या गावात वाढलेल्या सिंधी माणसाचे घर, कारखान्यासाठी आलेला मल्याळी फिटर, गुजराती दुकानदार, येथील मूळचे आगरी गृहस्थ, असे सर्व प्रांत एका जिन्यावर नांदतात. या संस्थांत ‘आपला माणूस’ म्हणून हाक मारता येत नाही. आणि सहकाराच्या दृष्टीने ती मारूही नये.

शिवाय केवळ आप्तभावाने सभा भरत असती, तर आपल्या या ज्ञातिमंडळाची वार्षिक सभा ओसंडून वाहिली असती! कोजागिरीच्या कार्यक्रमास आणि स्नेहभोजनास जी पाने मांडावी लागतात, त्यांच्या मानाने हिशेब-मंजुरीच्या सभेतील डोकी किती, हे येथील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. येथे तर सारेच नात्यागोत्याचे. तेव्हा गावदेवीच्या दृष्टान्तातून घ्यावयाचा धडा ज्ञातीचा नाही. लोक एकमेकांचे सोयरे होते म्हणून सभा भरली, याहून अधिक खरे कारण हे की, सभेत जे ठरावयाचे ते त्यांच्या राहणीचे व खिशाचे होते आणि ते अन्यत्र कोठे ठरणार नव्हते.

क्रम उलटला

स्वातंत्र्यानंतर मुंबईची वस्ती झपाट्याने वाढली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याने देण्यासाठी घर बांधणे धनिकांस किफायतशीर वाटेनासे झाले आणि गाळे मालकीहक्काने विकण्याची प्रथा बळावली. त्या व्यवहारातील फसवणुकीस आळा घालण्यासाठी महाराष्ट्र राज्याने १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. त्यानुसार, गाळे घेणारे पुरेसे झाले म्हणजे त्यांची सहकारी संस्था अथवा कंपनी स्थापन करण्यासाठी अर्ज करणे हे बांधणाऱ्याचे कर्तव्य ठरले.

हा कायदा ग्राहकाच्या हिताचा होता, यात शंका नाही. पण त्याच्या काळात एक मोठा पालट घडून आला. आता इमारतीचा आराखडा बांधणारा ठरवू लागला, किंमत तोच ठरवू लागला, आणि संस्थेच्या नोंदणीचे कागदही बहुधा त्याच्याच कचेरीत तयार होऊ लागले. सभासद एकमेकांस प्रथम भेटले ते सामान चढविताना, जिन्यात. पूर्वी सहकारातून घर निर्माण झाले होते. आता घराच्या खरेदीबरोबर सहकार हा एक कागद म्हणून हाती पडला. भागपत्र कपाटात गेले. पाणी, दिवाबत्ती आणि झाडलोट यांपुरती संस्था उरली. आणि ज्याचे सारे ठरून गेले आहे अशा गोष्टीसाठी रविवारची सकाळ कोण घालवील?

आमच्या टापूत या पालटास आणखी एक कारण मिळाले. अंबरनाथ हे शिलाहारकालीन शिवालयाचे प्राचीन क्षेत्र; तेथे १९२० नंतरच्या दशकात विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले, आणि १९६२ साली राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर मोरिवलीच्या शिवारातही औद्योगिक वसाहत उभी राहिली. पाळीवर जाणारा कामगार आणि पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणारा नोकरदार, हे येथील दोन प्रमुख रहिवासी. एकास रविवारी पाळी असते. दुसऱ्यास रविवार हा आठवड्यातून एकदाच सूर्यप्रकाशात घर पाहण्याचा दिवस. अशांस ‘तुम्ही सभेस का येत नाही?’ असे खडसावून विचारणे अन्यायाचे होईल. त्यांनी यावे असे त्या सभेत काय आहे, हा प्रश्न आधी कारभाऱ्यांनी स्वतःस विचारावा.

कायद्याचा हात कोठवर

महाराष्ट्राचा स्वतःचा सहकारी संस्था कायदा १९६० चा. तो २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला. सभासदाने स्वतः हजर राहूनच मत द्यावे, मुखत्यारामार्फत देऊ नये, हे तत्त्व त्यात आहे. गृहसंस्थांच्या आदर्श पोटनियमांत वार्षिक सभेची सूचना पूर्ण चौदा दिवस आधी देण्याचे बंधन घातले गेले, आणि गणपूर्ती ठरली ती अशी : एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश अथवा वीस, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. याचा हिशेब पाहावा. तीस सभासदांच्या संस्थेत वीस म्हणजे दोन-तृतीयांश. साठांच्या संस्थेत तेच वीस एक-तृतीयांश होतात. आणि दोनशेंच्या वसाहतीत अवघे एक-दशांश. तेवढेही न जमले तर सभा अर्ध्या तासाने तहकूब व्हावयाची आणि तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही. कारभार अडून राहू नये म्हणून केलेली ही सवलत. पण सवलतीची सवय झाली, आणि ‘साडेदहाचीच खरी सभा’ असे लोक उघड बोलू लागले.

मग कायद्याने सक्तीचा मार्ग धरून पाहिला. सहकारविषयक ९७ वी घटनादुरुस्ती २०१२ साली अमलात आली. तिला अनुसरून राज्याने २०१३ साली आपल्या कायद्यात बदल केले. त्यांत सलग पाच वर्षांत निदान एका सर्वसाधारण सभेस उपस्थित राहणारा तो क्रियाशील सभासद, अशी अट घातली गेली. पाच वर्षांत एकदा! यावरून हजेरीची अपेक्षा किती खाली आली होती, हे सहज दिसते. स्थानिक सहकारी संस्थांना लागू होणारा त्या घटनादुरुस्तीचा भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द ठरविला. राज्यांची संमती न घेता तो केला गेला होता, हे त्याचे कारण. गृहसंस्थांसाठी तर २०१९ साली राज्याच्या कायद्यात एक स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले. सारांश, कायदा पुनःपुन्हा बदलला. पण सभेची तारीख, सूचना आणि इतिवृत्त यांपलीकडे त्याचा हात पोहोचत नाही. सभा भरविण्याची सक्ती करता येते. ऐकण्याची व बोलण्याची करता येत नाही.

एक गोष्ट मात्र आशादायक घडली. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने असे ठरविले की, बहुसंख्य गाळ्यांची नोंदणी झाली म्हणजे तीन महिन्यांच्या आत खरेदीदारांची संस्था स्थापन व्हावी. इमारत पुरी होण्याची वाट पाहावयाची नाही. म्हणजे इतक्या वर्षांनी कायदा पुन्हा गावदेवीच्या क्रमाकडे वळू लागला आहे : आधी सभा, मग घर.

आज काय पणास लागले आहे

आतापर्यंतच्या अनास्थेची किंमत फार तर दुरुस्तीच्या थोड्या जादा खर्चाने मोजता आली असेल. यापुढे ती तशी मोजता येणार नाही. आपल्या टापूतील पुष्कळ इमारतींनी तिशी-चाळिशी ओलांडली आहे. आदर्श पोटनियमांप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची बांधकाम-तपासणी दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरील इमारतीची दर तीन वर्षांनी व्हावयास हवी. त्यासाठी ठराव पाहिजे, निधी पाहिजे आणि अहवाल आल्यावर त्यावर अंमल पाहिजे. २०२१ च्या मे महिन्यात उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन निवासी इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली, हे आपण विसरलेले नाही. त्या दुर्दैवी कुटुंबांस बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच म्हणणे आहे की, छताची तपासणी हा विषय नऊ माणसांच्या तहकूब सभेवर सोडण्याइतका क्षुल्लक नव्हे.

दुसरा विषय पुनर्विकासाचा. याविषयी राज्य शासनाने जानेवारी २००९ मध्ये निर्देश काढले व जुलै २०१९ मध्ये ते सुधारले. पहिल्यात सभासदांच्या तीन-चतुर्थांश उपस्थितीची अट होती. दुसऱ्यात दोन-तृतीयांश गणपूर्ती आणि ५१ टक्क्यांची संमती, असे प्रमाण ठेवले गेले. येथे साडेदहाच्या सभेची सवलत उपयोगी पडत नाही. जे वीस वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत, त्यांस एकाएकी घर पाडण्यासारखा निर्णय एकत्र बसून करावा लागतो. मग संशय, अफवा, दोन गट, आणि अखेर निबंधकाच्या कचेरीतील हेलपाटे! वरातीमागून घोडे नाचविण्याचाच हा प्रकार.

पण याच विषयास दुसरी, उज्ज्वल बाजूही आहे. १३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने स्वयंपुनर्विकासाच्या मार्गास उत्तेजन दिले. सभासदांनी स्वतः कर्ज उभारून, स्वतः वास्तुविशारद व ठेकेदार नेमून आपली इमारत पुन्हा बांधावी, अशी ती कल्पना. १९१५ साली गावदेवीच्या लोकांपुढे जे प्रश्न होते, जवळजवळ तेच प्रश्न या मार्गाने जाणाऱ्या संस्थेपुढे उभे राहतात. खरेदीदार म्हणून आलेल्या माणसास संस्थापक होण्याची ही संधी आहे. ती घेता येईल की दवडली जाईल, हे आजच्या साध्या, कंटाळवाण्या वार्षिक सभांवर अवलंबून आहे. कारण विश्वास हा पुनर्विकासाच्या दिवशी बाजारातून आणता येत नाही.

कर्तव्य

इतिहासापासून काही व्यावहारिक बोध घ्यावयाचा तर तो पुढीलप्रमाणे घेता येईल.

पहिली गोष्ट, निर्णय सभेपुढे यावा, सभेमागून नव्हे. रंगकामाचा ठेका देऊन झाल्यावर त्यास मंजुरी मागणारी सभा लोक ओळखतात आणि टाळतात. त्याऐवजी सूचनेबरोबर एका पानाचे अंदाजपत्रक घरोघर द्यावे : गतवर्षी काय आले, काय गेले, यंदा कोणती दोन मोठी कामे आहेत, त्यांचे पर्याय कोणते, आणि प्रत्येक पर्यायाने दरमहा प्रत्येक घरावर किती बोजा पडेल. ज्यास आपल्या घराचा आकडा दिसतो, त्यास सभेची वेळही सापडते.

दुसरी गोष्ट हजेरीच्या मानाची. महजराप्रमाणे इतिवृत्ताच्या आरंभी उपस्थितांची नावे आदराने लिहावीत आणि इतिवृत्ताचा मसुदा पंधरवड्यात सर्वांस पोहोचवावा. पुढील सभेचा आरंभ मागील ठरावांच्या वाचनाने करून प्रत्येकापुढे ‘झाले’ किंवा ‘झाले नाही, कारण अमुक’ असे सांगावे. आपला शब्द वर्षभर टिकला, हे पाहिलेला सभासद पुन्हा येतो.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. घराचे पाणी किती वाजता येते, गळती कोठे आहे, जिन्यातला दिवा केव्हापासून बंद आहे, हे ज्यांस पक्के ठाऊक त्याच सभेत दिसत नाहीत. कारण भागपत्रावर पहिले नाव यजमानांचे असते. सहसभासद म्हणून पत्नीचे नाव नोंदलेले असेल तर मुख्य सभासदाच्या अनुपस्थितीत, त्याच्या लेखी संमतीने तिला मत देता येते. पाळीवर जाणाऱ्या वा परगावी नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांनी हे काम या वर्षीच करून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. यात दोन लाभ आहेत : सभेस जाणते मत मिळते, आणि घरातील लक्ष्मीस घराच्या कारभारात हक्काचे स्थान मिळते.

चौथी गोष्ट वेळेची व वातावरणाची. आपल्याच इमारतीतील गणपतीच्या आरतीस जे सारे जमतात, ते सभेस का जमत नाहीत? आरतीस कोणी कोणावर दोषारोप करीत नाही आणि प्रत्येकाच्या हातास काही काम असते. कोणी ताम्हन धरतो, कोणी टाळ, कोणी प्रसाद वाटतो. सभेतही गळती, वाहनतळ आणि थकबाकी यांची वैयक्तिक गाऱ्हाणी एका वेगळ्या संध्याकाळी ऐकून घ्यावीत; सामाईक प्रश्नांसाठी सभा मोकळी ठेवावी; आणि दोन-तीन कामे नव्या सभासदांवर सोपवावीत. करोनाच्या साथीत सभा दूरदृश्य पद्धतीने भरविण्याची सोय झाली होती. दूरच्यांस ती उपयोगी पडली खरी. पण शेजाऱ्याचा चेहरा पाहून मत बदलण्याचा जो गुण समोरासमोरच्या बैठकीत असतो, तो तिच्यात अल्प.

‘आमची समिती प्रामाणिक आहे, मग आम्ही येऊन करावयाचे काय?’ असे काही सज्जन म्हणतात. त्यांस आमचे उत्तर असे की, प्रामाणिक चिटणीसाचीच अशा वेळी सर्वाधिक कुचंबणा होते. कचेरीतून थकून आलेला तो माणूस विनावेतन खतावणी लिहितो, नळदुरुस्तीवाल्याच्या मागे धावतो, आणि वर्षाअखेर त्याच्या कामाची पारख करावयास कोणी येत नाही. आली तर शंका येते. भरल्या सभेने हिशेब तपासून मंजूर करणे हेच त्याचे खरे वेतन. ते आपण थकवून ठेवले, म्हणून नवे कार्यकर्ते पुढे येत नाहीत.

आपल्या मंडळाने या बाबतीत उपदेशापेक्षा उदाहरण घालून द्यावे, असे आम्ही सुचवितो. येत्या वार्षिक सभेच्या सूचनेसोबत एका पानाचा हिशेब घरोघर जावा, मागील ठरावांचे काय झाले ते आधी वाचले जावे, आणि भोजनाची पाने सभा संपल्यावरच मांडली जावीत! आपल्या मंडळात हे वळण पडले, तर ते आपापल्या इमारतींत नेणे प्रत्येक कुटुंबास कठीण जाणार नाही.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणत आलो. आज आपल्यापैकी पुष्कळांचे गाव म्हणजे तीस-चाळीस बिऱ्हाडांची एक इमारत आहे. गावदेवीच्या त्या मंडळींनी घर नसताना सभा भरविली आणि सभेतून घर उभे केले. आपणांस घर आयते मिळाले आहे. ते उभे राखण्यापुरती तरी सभा आपण भरवू या. येत्या रविवारी फलकावर सूचना लागलेली दिसली, तर दहाच्या सभेस दहालाच खाली उतरावे, एवढीच समस्त ज्ञातिबंधू-भगिनींस विज्ञापना.